कार्ल्याच्या दगडांतील लेख

कार्ल्यास जाणारे बहुतेक लोक एकवीरेचें दर्शन घेतात, चैत्यगृहांत शिरून छताच्या लांकडी फासळ्या मान वर करून पाहतात आणि परततात. खांबांवरील ब्राह्मी अक्षरें थोडेच पाहतात. संशोधक तीं वाचतात, परंतु इतिहासाचें साधन म्हणून. वाङ्मय म्हणजे ग्रंथ, ही समजूत आपल्या मनांत इतकी पक्की बसली आहे कीं, खांबावरच्या दोन ओळींस ते नांव देण्यास आपण कचरतों.

श्रोतेहो, या ओळींत आहे तरी काय? धेनुकाकटाचा एक यवन ‘हा खांब माझें दान’ म्हणतो. त्याच गांवचा सुतार सामिन, वेणुवासाचा पुत्र, दाराच्या कामावर आपलें नांव ठेवतो. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल तर, आपण पुरें केलेलें हें शैलगृह जंबुद्वीपांत उत्तम आहे, असें बजावतो. हा निव्वळ अभिमान आहे. पण चैत्यगृह पाहिल्यावर त्यास खोटें ठरवण्याचें धैर्य होत नाहीं.

या लेखांचा अर्थ त्यांच्या जागेंत अडकलेला आहे. जेम्स प्रिन्सेपनें १८३७ मध्यें ब्राह्मी लिपि उलगडली आणि १८८१ मध्यें बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांचे लेख पुस्तकरूपानें छापले. हें काम थोर खरेंच. तथापि छापील पानावर ‘हा खांब’ वाचतांना कोणता खांब, हें टिपेंत सांगावें लागतें. तेथें उभा असलेल्यास तें विचारावें लागत नाहीं.

राजाज्ञांची गोष्ट निराळी. नहपानाचा जांवई उषवदात यानें येथील, म्हणजे वलूरकाच्या, भिक्षूंस करजिक गांव दिला. पुढें सातवाहनांनीं तोच गांव पुन्हा भिक्षूंच्या नांवें केला. ती आज्ञा मावळच्या अमात्यास उद्देशून आहे. गांव तोच, मठ तोच. राज्य तेवढें बदललें होतें. परंतु अशी आज्ञा प्रथम दगडावर उमटत नसे. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचें दान निगमसभेंत ऐकविलें व फलकवारांत, म्हणजे दप्तरांत, नोंदलें, असें लिहिलें आहे. तेथेंच गौतमीपुत्राची एक आज्ञा तोंडीं दिली गेली आणि ती अमात्य शिवगुप्तानें लिहिली, असेंहि आहे. मग मूळ लेख कोणता? बोललेला, दप्तरांतला, कीं खडकावरचा? माझ्या मतें तिन्ही. आपणांस तिसरा मिळाला तो केवळ दगडाच्या टिकाऊपणामुळें.

कार्ल्याचा एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित्राचा आहे. त्यांत अवशेष ठेवल्याचें लेखांत म्हटलें आहे. हा सातिमित्र भाणक होता. धर्मवचनें मुखोद्गत ठेवून तीं म्हणून दाखवणें हें भाणकाचें काम. तो म्हणत असलेल्या वचनांपैकीं एकहि त्या खांबावर कोरलेलें नाहीं. कोरलें आहे तें त्याचें नांव, गांव आणि ‘भाणक’ हा शब्द.