ताप परत आला, पण कुठून?

हिवतापाचा रुग्ण औषध घेऊन बरा होतो, कामाला लागतो आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा हुडहुडी भरून अंथरूण धरतो. घरचे म्हणतात, ताप उलटला. दवाखान्यात बहुधा पहिलाच प्रश्न येतो: गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या का? त्याआधी आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय लागावी, यासाठी हा ग्रंथ आहे. हा ताप आला कुठून?

कधी तो रक्तातूनच येतो. औषध अपुरे पडले, उलटीवाटे गेले किंवा जंतूच त्याला दाद देईनासे झाले, तर उरलेसुरले जंतू पुन्हा वाढतात. फॅल्सिपॅरमच्या रुग्णात ही शंका आधी घ्यावी. क्लोरोक्वीनला न जुमानणारा फॅल्सिपॅरम भारतात प्रथम १९७३ साली आसाममधल्या कार्बी आंगलाँगमध्ये आढळला. कधी नवा डास चावून नवाच संसर्ग होतो. आणि कधी, व्हायवॅक्स व ओव्हेल या दोन जातींत, ताप यकृतातून येतो. या तिसऱ्या वाटेला आम्ही सर्वांत जास्त पाने दिली आहेत.

ही वाट सापडायला फार वर्षे लागली. डासाने टोचलेले जंतू थेट तांबड्या पेशींत शिरताना आपण पाहिले, असे फ्रिट्झ शाउडिन यांनी १९०३ साली लिहिले. त्यांचा दबदबा असा की, दुसऱ्या कुणाला ते दृश्य दिसले नाही तरी चार दशके पाठ्यपुस्तकांत तेच राहिले. १९४८ साली लंडनमध्ये शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी माकडाच्या यकृतात जंतूची पहिली वाढ दाखवली. तरीही महिनोन्‌महिने गप्प राहून परतणाऱ्या तापाचा उलगडा झाला नव्हता. यकृताच्या पेशीत न वाढता पडून राहणारे एकपेशीय सुप्त रूप, म्हणजे हिप्नोझोइट, क्रोटोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले ते १९८०च्या सुमारास. म्हणजे हे ज्ञान अवघ्या एका पिढीचे आहे. नव्या अभ्यासकाने याने दबून जाऊ नये. उलट इथे करण्यासारखे पुष्कळ आहे.

सुप्त जंतू जागे कशाने होतात, हे कोडे आजही सुटलेले नाही. न्यू गिनीत संसर्ग झालेल्या अमेरिकन सैनिकाकडून मिळालेला चेसन वाण उपचारानंतर काही आठवड्यांतच परततो. कोरियातला वाण मात्र हिवाळाभर दडून राहतो आणि डासांच्या पुढच्या हंगामात डोके वर काढतो. पापुआ न्यू गिनीतल्या मुलांवरील २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्हायवॅक्सच्या दर पाच संसर्गांपैकी सुमारे चार यकृतातून आलेले निघाले. तिथे नुसते डास मारून भागणार नाही, हे उघड आहे.

क्लोरोक्वीन रक्तातले जंतू मारते, पण यकृतातल्या सुप्त जंतूंना धक्काही लावत नाही. त्यासाठी प्रायमाक्वीन लागते, आणि आपल्याकडे ते चौदा दिवस देतात. पूर्वी पाचच दिवस देत असत. त्या पाच दिवसांनी ताप परतण्याचे थांबत नाही, चौदा दिवसांनी थांबते, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी १९९९ साली दाखवले. म्हणजे पाच दिवसांच्या सगळ्या गोळ्या इमानेइतबारे घेऊनही ज्यांचा ताप उलटला, त्या रुग्णांचा दोष काय होता? गोळ्या चुकवल्याचा ठपका ठेवण्यापूर्वी हे आठवावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

चौदा दिवसही सर्वांना लागू पडत नाहीत. काहींच्या यकृतातले सीवायपी२डी६ हे विकर मंद असते, त्यामुळे प्रायमाक्वीन शरीरात कार्यक्षम रूप घेत नाही. जी६पीडी विकराची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता जास्त दिसते. गरोदर स्त्रियांना ते देता येत नाही. एकाच मात्रेचे टॅफेनोक्वीन अमेरिकेत २०१८ साली मंजूर झाले, पण ते शरीरात कित्येक आठवडे रेंगाळते, म्हणून आधी जी६पीडी मोजणे आणखीच निकडीचे.

सर्वांत अवघड प्रकरण निदानाचे. फॅल्सिपॅरममध्ये पहिल्या आणि दुसऱ्या रक्तनमुन्यातील जनुके ताडून जुना जंतू की नवा, हे बऱ्यापैकी ठरवता येते. व्हायवॅक्समध्ये ही युक्ती फसते, कारण यकृतात निरनिराळ्या डासांनी सोडलेले जंतू शेजारी शेजारी झोपलेले असू शकतात, आणि परतणारा जंतू पहिल्यासारखाच असेल असे नाही. सुप्त जंतू दाखवणारी रक्ततपासणी दवाखान्यात अजून उपलब्ध नाही.

प्रकरणे क्रमाने वाचण्याची गरज नाही. रुग्ण तपासणाऱ्यांनी प्रायमाक्वीनपासून सुरुवात करावी, प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी निदानापासून. गडचिरोलीसारख्या भागात घरोघर रक्तनमुने घेणाऱ्या आशाताईंच्या हाती हे पुस्तक पडले, तर त्यांनी चौदा दिवसांच्या गोळ्यांवरचे प्रकरण आधी उघडावे. ताप तिसऱ्या दिवशी उतरल्यावर उरलेले अकरा दिवस माणसाला गोळी कशी द्यायची, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाही, आणि त्या प्रकरणात त्यांनी भर घालावी अशी आमची विनंती आहे.