शिक्षणनिधी, स्थानिक : परभणी जिल्हा

शिक्षकांचे वेतन, इमारती इ. नित्याचा शासकीय खर्च वगळता सार्वजनिक शाळांतील अध्यापनाच्या नव्या प्रयोगांसाठी स्थानिक पातळीवर उपलब्ध करून दिलेल्या पैशास स्थानिक शिक्षणनिधी म्हणता येईल. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९७८ मध्ये मालमत्ता करावर कडक मर्यादा आल्यानंतर नागरिकांनी असे निधी उभारले. १९७९ मध्ये स्थापन झालेला सॅन फ्रॅन्सिस्को शहराचा शिक्षणनिधी हा त्यांपैकी आरंभीचा एक होय. शिक्षकाने आपली कल्पना मांडावी आणि निधीने तीस छोटेसे अनुदान द्यावे, अशी त्याची रीत होती. परभणी जिल्ह्यात या निधीचा इतिहास निराळ्या वाटेने गेला.

मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात जमीनमहसुलावर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर बसविण्यात आला व त्यातील एक तृतीयांश रक्कम शिक्षणाकडे वळविण्यात आली. खेडोपाडी मराठी शाळा उभ्या राहिल्या त्या मुख्यतः या पैशावर. परभणी मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे १८८४ पासून उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी प्राथमिक शाळेच्या खालच्या इयत्तांपुरती उरे आणि मुलगा वरच्या वर्गात गेला, की त्याची मातृभाषा शाळेबाहेर राही. सरकारी शाळेला हातभार लावून हे बदलणारे नव्हते. त्यामुळे स्थानिक पैसा सरकारी शाळेकडे न जाता स्वतंत्र खाजगी शाळेकडे गेला. औरंगाबादचे सरस्वती भुवन (१९१५), हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा (१९२१), अंबाजोगाईचे योगेश्वरी नूतन विद्यालय आणि परभणी जिल्ह्यात सेलूचे नूतन विद्यालय या संस्था याच प्रवाहातील होत. वकील, व्यापारी व सुस्थितीतील शेतकरी यांच्या देणग्या हा अशा शाळांचा आधार असे. खाजगी शाळा काढण्यास सरकारची परवानगी लागत असल्याने शिक्षणाचे काम आणि नागरी हक्कांची मागणी यांत फारसे अंतर राहिले नाही. हिप्परगा व अंबाजोगाई येथे अध्यापन केलेले स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशनही १९३७ मध्ये तत्कालीन परभणी जिल्ह्यातील परतूर येथे, परभणीचे वकील गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले.

संस्थान भारतात विलीन झाल्यावर या संस्थांचा मूळ हेतू सफल झाला. वेतनाचा भार शासकीय अनुदानाने उचलला आणि देणग्यांचा ओघ माध्यमिक शाळा व महाविद्यालये यांकडे वळला. ग्रामीण प्राथमिक शाळा १९६२ मध्ये जिल्हा परिषदेकडे आल्या. त्यांना पगार मिळाला, क्वचित खोली मिळाली. पण शिक्षकाला एखादी नवी गोष्ट करून पाहावयाची असल्यास पैसा कोठून आणावा, या प्रश्नाला उत्तर नव्हते. १९८७ मधील खडू-फळा योजनेने साहित्य पुरविले खरे, परंतु ते वरून ठरलेले व सर्वत्र सारखेच असे. परभणीसारख्या जिल्ह्यात ते अपुरे पडणे साहजिक होते. जिंतूर व कळमनुरी भागांतील तांड्यांवरची मुले घरी गोरमाटी बोलतात. गंगाखेडकडील डोंगराळ पट्ट्यातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात जातात व मुलांची शाळा मध्येच तुटते. अशा वर्गात काय वापरावे, हे त्या वर्गाच्या शिक्षकालाच ठाऊक असते.

या दृष्टीने १९९४ साली सुरू झालेला जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम महत्त्वाचा ठरतो. स्त्रीसाक्षरता राष्ट्रीय सरासरीपेक्षा (१९९१ च्या जनगणनेनुसार सु. ३९ टक्के) कमी असणे ही जिल्ह्यांच्या निवडीची एक कसोटी होती. पहिल्या टप्प्यात सात राज्यांतील ४२ जिल्हे घेण्यात आले. महाराष्ट्रातील पाचही जिल्हे मराठवाड्यातील होते : औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद व परभणी. हिंगोली त्या वेळी परभणीतच मोडत असे; तो जिल्हा १९९९ मध्ये, कार्यक्रम चालू असतानाच, वेगळा झाला. खर्चाचा ८५ टक्के भाग केंद्र शासनाचा व १५ टक्के राज्याचा असून केंद्राच्या वाट्यामागे जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेचे कर्ज होते. गळतीचे प्रमाण दहा टक्क्यांखाली आणणे आणि मुलामुलींतील व सामाजिक गटांतील तफावत पाच टक्क्यांखाली नेणे ही उद्दिष्टे होती. पैसा महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद या नोंदणीकृत संस्थेमार्फत खर्च होई.

इमारती, प्रशिक्षणवर्ग, गट व समूह साधन केंद्रे यांवर अर्थातच बहुतांश रक्कम गेली. तथापि ज्या तरतुदीने जुनी पद्धत खऱ्या अर्थाने मोडली, ती अगदी लहान होती. प्रत्येक शाळेस वर्षाला २,००० रुपये आणि प्रत्येक शिक्षकास शैक्षणिक साहित्यासाठी ५०० रुपये मिळू लागले. शाळेच्या रकमेच्या विनियोगात ग्रामशिक्षण समितीला स्थान होते, तर शिक्षकाची रक्कम त्याच्या स्वतःच्या निवडीवर सोडलेली होती. शब्दपट्ट्या, चित्रे, गणिती ठोकळे यांपैकी काय करावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार प्राथमिक शिक्षकाकडे यापूर्वी क्वचितच आला होता. रक्कम क्षुल्लक म्हणून तिची थट्टा करणे सोपे आहे; पण सधन गावातील शिक्षकाला आणि तांड्यावरील शिक्षकाला ती सारखीच मिळे, हे विसरता येत नाही. अनुदान शैक्षणिक वर्षाच्या उत्तरार्धात हाती पडणे ही मात्र या पद्धतीची देशभर नोंदली गेलेली उणीव होय. वर्ष संपत आले असता साहित्य बनविण्यापेक्षा तयार तक्ते विकत घेऊन हिशेब पुरा करणे सोयीचे जाई. पुढे सर्व शिक्षा अभियानातही ५०० रुपयांचाच आकडा राहिला; वाढत्या किमतींचा विचार त्यात झाला नाही.

२०१० मध्ये अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर लोकसहभागावर विशेष भर देण्यात आला. संगणक, प्रक्षेपक, रंगविलेल्या भिंती यांसाठी राज्यभर गावकऱ्यांनी वर्गणी काढली. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या निधीशी हा प्रकार काही अंशी जुळतो आणि अमेरिकेतील अशा निधींवर घेतला गेलेला आक्षेपही येथे लागू पडतो : वर्गणी तेथेच जमते, जेथे ती देणारे असतात. गोदावरीकाठच्या बागायती गावाची ऐपत आणि कारखान्याच्या फडावर सहा महिने काढणाऱ्या वस्तीची ऐपत एक नव्हे. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत शाळेचे एकत्रित अनुदान पटसंख्येनुसार ठरू लागले. त्यानुसार तांड्यावरील कमी पटाच्या शाळेचा वाटा सर्वांत लहान असतो.