अमृता शेरगिलनं अजिंठ्यात काय पाहिलं?

अमृता शेरगिलचा विषय निघाला की लोक आधी तिच्या रूपाबद्दल बोलतात आणि मग अठ्ठाविसाव्या वर्षी आलेल्या मृत्यूबद्दल. २०२३ पासून त्यात किमतीची भर पडली आहे. तिचं १९३७ सालचं 'द स्टोरी टेलर' हे चित्र लिलावात ६१.८ कोटी रुपयांना गेलं. या गडबडीत चित्रं बघायची राहूनच जातात. मला स्वतःला तिच्या आयुष्यातले थोडेच महिने फार महत्त्वाचे वाटतात, १९३६ अखेर ते १९३७. आणि त्यांचा रस्ता आपल्या महाराष्ट्रातून जातो.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ चा, बुडापेस्टचा. वडील उमरावसिंग हे पंजाबचे शीख सरदार, संस्कृत-फारसीचे अभ्यासक. आई हंगेरियन गायिका. १९२१ मध्ये कुटुंब सिमल्याला आलं. १९२९ मध्ये, सोळाव्या वर्षी, ती पॅरिसला चित्रकला शिकायला गेली. १९३२ च्या 'यंग गर्ल्स' या चित्रानं तिला तिथल्या ग्रँड सलोंमध्ये सुवर्णपदक मिळवून दिलं. तिथेच राहिली असती तरी तिचं उत्तम चाललं असतं. पण १९३४ च्या अखेरीस ती भारतात परतली. आपली वाट इथेच सापडेल असं तिला मनापासून वाटत होतं.

स्वभाव मानी. १९३५ मध्ये सिमल्याच्या प्रदर्शनात तिची काही चित्रं नाकारली गेली आणि एकाला बक्षीस मिळालं. तिनं बक्षीस परत केलं! त्याच वर्षीचं तिचं 'थ्री गर्ल्स' पाहा. तीन मुली, खाली झुकलेल्या नजरा, कुणीच काही बोलत नाही. चित्र सुंदर आहे, पण त्यातला भारत अजून थोडा बाहेरून, कणवेनं पाहिलेला आहे असं मला वाटतं.

नोव्हेंबर १९३६ मध्ये ती प्रदर्शनासाठी मुंबईला आली. प्रदर्शन ताजमहाल हॉटेलात होतं. इथे तिची ओळख झाली कार्ल खंडालावाला यांच्याशी. पेशानं वकील, पण लघुचित्रांचे जाणकार. दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली. पुढे १९४४ मध्ये त्यांनी तिच्यावर पुस्तकही लिहिलं. मुंबईहून ती वेरूळ-अजिंठ्याला गेली आणि अक्षरशः हरखून गेली. अजिंठ्याचं एक भित्तिचित्र सगळ्या युरोपीय रेनेसाँपेक्षा मोलाचं आहे, अशा अर्थाचं तिनं लिहून ठेवलंय.

आता यात नवीन काय, असं कुणी म्हणेल. अजिंठा तोवर अज्ञात थोडाच होता? १८१९ मध्येच इंग्रजांच्या नजरेला ती लेणी पडली होती. जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून बरीच वर्षं तिथे नकला करत होते. पुढे लेडी हेरिंगहॅमबरोबर नंदलाल बोसही येऊन गेले. बंगालच्या चित्रकारांनी तर अजिंठ्याला गुरूच मानलं. पण त्यातल्या बऱ्याच जणांनी उचलली ती लकब. अर्धोन्मीलित डोळे, निमुळती बोटं, धूसर रंग आणि पुराणातले प्रसंग. अमृताला हे मुळीच पटत नव्हतं आणि तसं ती उघड बोलायची.

तिनं काय घेतलं ते दक्षिणेचा प्रवास करून सिमल्याला परतल्यावर काढलेल्या तीन चित्रांत दिसतं: 'ब्राइड्स टॉयलेट', 'ब्रह्मचारीज' आणि 'साउथ इंडियन व्हिलेजर्स गोइंग टू मार्केट'. 'ब्रह्मचारीज'मध्ये पाच उघडी पोरं बसली आहेत, बस्स. प्रसंग नाही, गोष्ट नाही. पण तपकिरी रंगाच्या किती छटा! आणि त्यांच्यामध्ये धोतरांचा तो पांढरा. माणसं एकमेकांशी कशी बांधलेली आहेत, एक देह दुसऱ्याला कसा तोलतो, अनावश्यक तपशील कसा गाळलाय, हे सगळं अजिंठ्याचं आहे. पण अजिंठ्यातली एकही आकृती तिथे नाही. विषय तिच्या डोळ्यांसमोरचा, आणि पॅरिसमध्ये गोगँ-सेझानकडून शिकलेलंही तिनं फेकून दिलेलं नाही.

परंपरा जपायची म्हणजे काय करायचं, या आपल्याकडच्या जुन्या वादाला मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. जुन्याचा वेश न घालता त्याची रचना समजून घ्यायची. ते तिला जमलं, कारण तिनं अजिंठ्याकडे पूज्यभावानं पाहिलं नाही. एका चित्रकारानं दुसऱ्या चित्रकाराचं काम बघावं तसं पाहिलं.

१९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीनं 'थ्री गर्ल्स'ला सुवर्णपदक दिलं, पण विक्री फारशी होत नव्हती. हैदराबादच्या सालारजंगांनी तिची चित्रं ठेवून घेतली आणि नंतर परत केली. १९३८ मध्ये तिनं मावसभाऊ डॉ. व्हिक्टर इगानशी लग्न केलं. गोरखपूरजवळच्या सराया गावी राहून ती लघुचित्रांच्या वाटेनं आणखी पुढे गेली. मग लाहोर. तिथे प्रदर्शनाची तयारी चालू असतानाच आजारी पडली आणि ५ डिसेंबर १९४१ ला गेली. अजिंठा पाहून जेमतेम पाच वर्षं झाली होती.

'ब्राइड्स टॉयलेट' आणि 'ब्रह्मचारीज' दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे आहेत. आणि अजिंठा? आपल्यातले बरेच जण शाळेच्या सहलीत तिथे एकदा जाऊन येतात, गाईडनं सांगितलेल्या जातककथा ऐकतात आणि बसमध्ये बसतात. पुन्हा जमलं तर गोष्ट जरा बाजूला ठेवून नुसते रंग आणि बसलेली माणसं बघा. तेवीस वर्षांच्या एका मुलीला तेवढं पुरलं होतं.