अभ्यवेक्षण, समाजमाध्यमांवरील (चंद्रपूर-गडचिरोली)

प्रसृत मजकूर ठेवणे, रोखणे वा काढून टाकणे हा अधिकार जेथे एकाच कंपनीच्या दप्तरी एकवटलेला असतो ती समाजमाध्यमे केंद्रित (फेसबुक, यूट्यूब), आणि जेथे तो निरनिराळ्या सर्व्हरांच्या चालकांत वाटला गेलेला असतो ती विकेंद्रित (२०१६ मध्ये सुरू झालेले मॅस्टोडॉन) होत. दुसऱ्या प्रकारात अभ्यवेक्षक (मजकूर तपासून रोखणारा) नसतोच हा समज निराधार आहे. तो असतो, केवळ अधिक जवळ बसलेला असतो, आणि मनात आणल्यास दुसऱ्या चालकाच्या समग्र सर्व्हरशी संबंध तोडू शकतो.

कायदा : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००, कलम ६९अ अन्वये केंद्र सरकार मजकूर रोखण्याचा हुकूम काढते. आक्षेपार्ह संदेश पाठविणे गुन्हा ठरविणारे त्याच अधिनियमातील कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले.

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे ज्याच्या अधिकारकक्षेत येतात, त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव ठाण्यात २०१६ साली दाखल झालेला गुन्हा १ मार्च २०२१ रोजी रद्द करताना असे ठरविले की, व्हॉट्सअ‍ॅप समूहाच्या ॲडमिनला सदस्य घेण्याची व वगळण्याची मुखत्यारी असली, तरी सदस्याचा मजकूर आधी तपासण्याचे सामर्थ्य त्यास नसल्यामुळे, समान उद्देश वा पूर्वनियोजित कट सिद्ध झाल्याखेरीज, दुसऱ्याच्या आक्षेपार्ह मजकुराची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. गावोगावच्या ॲडमिनांनी हा निर्णय वाचावयास हवा होता. बहुतेकांनी वाचलेला दिसत नाही.

सीजीनेट स्वर : फेब्रुवारी २०१० मध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी छत्तीसगडात आरंभिलेली ही ध्वनिसेवा, गडचिरोली व छत्तीसगड यांच्या सीमेवरील इंद्रावती नदीच्या दोन्ही तीरांवर बोलल्या जाणाऱ्या गोंडी भाषेस स्थान देणारी असल्यामुळे, येथे विशेष विचारार्ह ठरते. साध्या मोबाइलवरून मिस्ड कॉल द्यावा, परत आलेल्या कॉलवर आपले गाऱ्हाणे, वार्ता वा गीत ध्वनिमुद्रित करावे, आणि नियंत्रकांनी ते ऐकून, पडताळून मगच प्रसृत करावे, अशी तिची रीत. म्हणजे बोलणारे विखुरलेले, परंतु चाळणी एकच. पुढे निघालेल्या ‘बुल्टू रेडिओ’त कार्यक्रम ब्लूटूथद्वारे एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जाऊ लागले, आणि असा हस्तांतरित झालेला आवाज परत घेणे कोणाही नियंत्रकास शक्य राहिले नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते, म्हणून विकेंद्रित माध्यमांस तिचे प्रतिरूप मानण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण ग्रामसभेत प्रतिपक्ष समोर बसलेला असतो आणि सर्व्हरच्या चालकाची नेमणूक कोणी केलेली नसते.

मनोरे : मोबाइल मनोरे जाळण्याचे प्रकार गडचिरोलीत घडले आहेत, त्यांची गणना अभ्यवेक्षणात करावी काय, याविषयी मतभेद आहेत.

भाषा : मजकूर काढणाऱ्यास तो समजला पाहिजे ही प्राथमिक अट गोंडीच्या बाबतीत मोठ्या कंपन्यांकडून कितपत पाळली जाते, याची शंका रास्त आहे, कारण ही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतही नाही. माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१ च्या नियमांखाली निवासी तक्रार अधिकाऱ्यासह अधिक काटेकोर बंधने भारतात ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या माध्यमांवर आहेत. केवळ गोंडीभाषकांचे माध्यम या मर्यादेपर्यंत पोहोचणे कठीण, कारण २०११ च्या जनगणनेत गोंडीभाषकांची देशभरातील एकूण संख्या सुमारे ३० लाख नोंदलेली आहे.