बुचापासून अँप्यूलपर्यंत: औषधाची बाटली उघडण्याचा इतिहास

वाल्देमार हाफकिन यांची प्लेगची लस मुंबईतील परळच्या प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्यांत भरून, बूच लावून बाहेरगावी जात असे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल (आज पाकिस्तानात) येथे १०७ जणांना ती टोचली गेली. त्यांपैकी ५३-एन या एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले.

ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. मात्र बाटली उघडणाऱ्या मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढले, असे साक्षीतून पुढे आले. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले. १९२५ मध्ये प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले.

बुचाची अडचण टाळणारी युक्ती तेव्हा उपलब्ध होती. पॅरिसचे औषधनिर्माते लिमुझँ यांनी १८८६ मध्येच, काच वितळवून तोंड बंद केलेली एका मात्रेची अँप्यूल सुचवली होती. पुढे ती जगभर रुळली. पण ती उघडायची म्हणजे मान मोडायची, आणि मोडताना काचेचे सूक्ष्म कण औषधात पडतात. शिरेतून गेलेले कण फुफ्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकू शकतात. म्हणून आता औषध ५ मायक्रॉनच्या गाळणी-सुईतून ओढतात आणि टोचण्यापूर्वी सुई बदलतात.

लक्षात ठेवा: बाटलीची रचना करताना ती उघडणारा हातही हिशेबात धरावा लागतो.