दहा राग आणि एक माग

संगीताचे मला दोनच प्रकार कळतात. एक, बँकेच्या स्नेहसंमेलनात मॅनेजरसाहेब गातात ते. आणि दुसरे, जे ऐकवते ते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. त्यामुळे ‘राग’ म्हटले की मला काउंटरपलीकडचा खातेदारच आठवतो.

आमचे चिरंजीव मात्र कानात बुचे घालूनच जन्मले असावेत. काय ऐकतोस विचारले तर म्हणाले, ‘डबस्टेप.’ हा प्रकार दोन हजार सालाच्या आसपास दक्षिण लंडनमध्ये निघाला आणि त्यात पोट ढवळून काढणारा खर्ज असतो, अशी माहिती मिळाली. मी म्हणालो, ‘सोलापुरात मिरवणूक दारावरून गेली की आपल्या खिडकीची तावदानं हेच वाजवतात, तेही फुकट.’ चिरंजीव चिडले. एक बूच त्यांनी माझ्या कानात कोंबले. ‘मग हे ऐका. हे मुंबईचं आहे, तुमच्या लहानपणचं.’

आणि वाजले काय, तर यमन! पण तबला नाही, सारंगी नाही. खाली यंत्राची धडधड, आणि वर यमन बिनतक्रार चाललेला.

चरणजितसिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षे वाजवणारे वादक. म्हणजे आमच्यासारखेच काउंटरच्या आतले. काम यांचे, सही साहेबाची. १९८० च्या ‘कुर्बानी’पासून देशाला डिस्कोचा ताप चढला होता. १९८२ मध्ये त्यांनी तीन जपानी यंत्रे जुळवली. ठेक्याला रोलंडचे टीआर-८०८, खर्जाला टीबी-३०३ आणि सुरावटीला ज्युपिटर-८. त्यांवर दहा राग वाजवून एचएमव्हीची तबकडी काढली. पहाटेचा ललत आणि मध्यरात्रीचा मालकंस, सगळे तासाभरात. त्यात मेघमल्हारही आहे. तो मी सोलापुरात गच्चीवर लावून पाहिला. एका ढगाने ढुंकून पाहिले असेल तर शपथ.

तबकडी खपली नाही. शास्त्रीयवाल्यांना ती डिस्को वाटली असेल आणि डिस्कोवाल्यांना शास्त्रीय.

आमच्याकडे दहा वर्षे कोणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. पण वारस कागद घेऊन आला तर पैसे परत मिळतात. इथे वारस आला तो हॉलंडचा. एडो बाउमन नावाच्या संग्राहकाला २००२ साली ही तबकडी दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली. विलायतेत खळबळ उडाली. कारण ‘अॅसिड हाउस’ नावाचे नाचाचे संगीत शिकागोचे समजले जाते, आणि त्यातले फ्यूचरचे ‘अॅसिड ट्रॅक्स’ निघाले १९८७ मध्ये, त्याच टीबी-३०३ वर! मग पाच वर्षे आधी मुंबईत हे कोणी करून ठेवले? काहींना तबकडी बनावट वाटली. काही म्हणाले, अॅसिड हाउसचा शोध चरणजितसिंगांचाच. हे मला पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. ३०३ हे यंत्र एकट्या गिटारवाल्याला साथ म्हणून काढलेले. ते चालले नाही, १९८४ मध्ये बंद पडले, म्हणून पोरांना जुन्या बाजारात स्वस्त मिळाले. व्हाउचर नसताना एकाचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर टाकू नये. सिंगांना मात्र सत्तरीनंतर युरोपात मैफलींची बोलावणी आली. जुलै २०१५ मध्ये ते मुंबईत वारले.

हे सगळे खरे, पण मला ते आवडले का? त्याचे उत्तर अण्णांकडे निघाले.

अण्णा पस्तीस वर्षे साखर पेठेत यंत्रमागावर होते. त्या खटखटीवर आमची गल्ली झोपायची. रात्री वीज जाऊन माग थांबले की पोरे दचकून उठत. त्याच खटखटीने अण्णांचे कान नेले. कानाचे यंत्र आणून दिले, ते त्यांनी कपाटात ठेवले. गेली चार वर्षे आमचे बोलणे ‘जेवलात का’ आणि ‘इथे सही करा’ एवढ्यावर आले होते. त्यातही निम्मे मी ओरडून.

आता चादरीवर मोर कसा उमटतो? जकार्डाला भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. भोक आले की दोरा उचलायचा, नाही आले की नाही. ३०३ मध्ये तेच आहे. सोळा घरे, घराघरात सूर भरायचा, आणि माळ फिरत राहते. शिवाय एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय आहे. ती मींडेसारखी लागते.

रविवारी चिरंजीवांनी स्पीकर अण्णांच्या खाटेवर ठेवून मालकंस लावला. अण्णांनी पेपर बाजूला केला आणि तळवा स्पीकरवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

‘कुठला माग हाय रे?’ त्यांनी मोठ्याने विचारले.

पोराने पेपरच्या कडेला लिहिले : मुंबई, १९८२.

‘बरा चाललाय. दोरा तुटंना.’ मग नातवाचा हात ओढून स्पीकरवर ठेवत म्हणाले, ‘डोळे मीट. चाळीस मागांतला कुठला बिघडला, ते आम्ही असं हातानं ओळखायचो.’

तासाभराने, आता कोणता राग चाललाय म्हणून विचारायला मी आत गेलो. चारही हात स्पीकरवर होते. दोघांनी मानेनेच मला ‘जा’ म्हटले. मी चहा टाकायला गेलो.