रविवार, साडेअकरा

अण्णांची पंच्याहत्तरी यंदा नेमकी रविवारी आली आणि खायला कुठे जायचं यावर घरात आठवडाभर खल झाला. मला हे काम भाषांतरासारखंच वाटतं. एका अर्थाचे चार शब्द समोर असतात. कोणासाठी आणि कोणत्या प्रसंगी, हे ठरल्याशिवाय त्यातला एकही उचलता येत नाही.

मुंबईत माझे हिशेब ठरलेले आहेत. मैत्रिणीचं काही बिनसलं असेल तर इराणी. धोबीतलावचं कयानी १९०४ पासून उभं आहे. ब्रून मस्का, चहा, आणि रडू आलं तरी शेजारचं टेबल वळून बघत नाही. दुसऱ्या भाषेतला लेखक आला तर माटुंगा, १९४० सालचं कॅफे मद्रास. तिथे रांगेतच अर्ध्या गप्पा होतात. सासरच्या वडीलधाऱ्यांना दादरला मामा काण्यांकडे.

ही निवड आपण चवीची समजतो. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाणावळीच्या पाटीवरच ती कोणाची, कोणासाठी, हे लिहिलेलं असे. ‘हिंदू’, ‘ब्राह्मण’ हे शब्द पदार्थांच्या आधी येत. इराणी पंगतीच्या हिशेबाबाहेरचा, त्यामुळे त्याच्या टेबलावर चार जातींची माणसं बसू शकत. आपल्या माणसांपलीकडच्या कोणाला भेटायचं असेल तर जागा आपोआप ठरे. काळा घोड्याच्या ‘वेसाइड इन’मध्ये अरुण कोलटकर वर्षानुवर्षं बसले. त्यांच्या २००४ सालच्या ‘काळा घोडा पोएम्स’मधली न्याहारी मात्र हॉटेलातली नाही. ती समोरच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसांची, इडल्यांची. आतल्या टेबलावरून बाहेरचं खाणं पाहणारा कवी मला फार प्रामाणिक वाटतो.

भाचीने सुचवलेली जागा लोअर परळची, एका बंद गिरणीच्या आवारातली. विटांच्या भिंती तशाच ठेवल्यात, म्हणाली. ‘ब्रंच’ असतो.

या शब्दाला मी मराठी प्रतिशब्द कधीच दिला नाही. न्याहारी म्हटलं की शेत येतं, फराळ म्हटलं की उपास. शब्दाची जन्मकथा गमतीची आहे. १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने ‘हंटर्स वीकली’त लेख लिहून मागणी केली की रविवारी चर्चनंतरचं जड जेवण बंद करावं आणि दुपारच्या सुमारास न्याहारी-जेवण एकच करावं. शनिवारी रात्री उशिरापर्यंत मौज करणाऱ्यांना सकाळी लवकर उठायला नको, हे त्याचं एक कारण.

म्हणजे आधी रविवार मोकळा हवा. मुंबईच्या गिरण्यांत तो नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक, यांनी १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. आठवड्याला एक सुट्टी आणि दुपारी खायला अर्धा तास, या त्यातल्या दोन मागण्या. सुट्टी मिळायला सहा वर्षं लागली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. बेरिंजरच्या लेखाआधी पाचच वर्षं. एकाला रविवारी उशिरा उठायचं होतं, दुसऱ्याला मुळात रविवारच हवा होता. तौलनिक साहित्याच्या वर्गात अशी जोडी मला कोणी शिकवली नाही, याचं अजून वाईट वाटतं.

अण्णा गिरणीत साच्यावर होते. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात ते रोज सकाळी अकराला भरपेट जेवत आणि डबा घेऊन निघत. त्या जेवणाला आमच्या घरी काही नाव नव्हतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्यानंतर ते गिरणीत परत गेलेच नाहीत. पुढे वॉचमनची नोकरी केली. मी तेव्हा दीड वर्षाची होते.

म्हणून भाचीला मी बाजूला घेऊन सांगितलं, तिकडे नको. आपण मटण घरी करू, नाहीतर इराण्याकडे जाऊ. हे बोलणं अण्णांच्या कानावर गेलंच. त्यांनी आधी गिरणीचं नाव विचारलं. त्यांची नव्हे, पलीकडची निघाली. मग म्हणाले, “इराण्याकडे पगाराच्या दिवशी जायचो गो. वाढदिवसाला कसला इराणी?”

थाळीचा भाव भाचीने निम्मा करून सांगितला. अण्णांनी तो मनात दुप्पट केला असणार, कारण थोडा वेळ गप्प बसले.

“बघू तरी काय केलंय ते,” ते म्हणाले. “तिथे साचेखातं होतं की कांडीखातं, तेवढं फोन करून विचार.”

भाचीने खरंच विचारलं. पलीकडच्या मुलाने तिला थांबायला सांगितलं, कोणाशी तरी बोलून आला, आणि म्हणाला की आत एसी आहे, बाहेर झाडाखाली पंखे आहेत, आणि माणसं किती.